डोक्यासकट एक फोटो

मर्लच्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या वरच्या भिंतीवर, तिच्या लग्नाचा फोटो टांगलेला आहे. फोटोत डावीकडे पांढरा झगा आहे, उजवीकडे काळा सूट आहे, सुटाच्या खिशाला फूल आहे. दोघांच्या हातात मिळून एक सुरी आहे आणि सुरीखाली तीन मजली केक. केक अतिशय स्पष्ट आला आहे. झग्याच्या आणि सुटाच्या वर माना आहेत आणि मानांच्या वर फोटो संपतो.

हा फोटो डल्सीने काढला. डल्सी ब्रॅनक ही नवरदेवाची, म्हणजे स्टॅनची, धाकटी बहीण, मर्लची नणंद. लग्नाच्या दिवशी शहरातून येणाऱ्या फोटोग्राफरची गाडी काळ्या मातीच्या चिखलात रुतली. कुणीतरी डल्सीच्या हातात कॅमेरा दिला आणि तिने मन लावून अख्खा रोल संपवला. रोल धुऊन आला तेव्हा सबंध लग्नात नवरा-नवरीला डोकं नव्हतं. त्या दिवसापासून बिंडारू गावात डल्सीचं नाव ‘मुंडकीकापी’ पडलं. पुढे ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये लागली, म्हातारी झाली, अर्ध्या गावाला तिने सॉसेज रोल खाऊ घालून मोठं केलं. पण नाव काही पुसलं गेलं नाही. लहान गावात एकदा पडलेलं नाव पत्र्यावरच्या गंजासारखं असतं.

स्टॅन दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचे फोटो आहेत, नाही असं नाही. ट्रकच्या परवान्यावरचा आहे, बैलांच्या प्रदर्शनातला आहे. पण कॅमेरा दिसला की तो बैलाइतकाच गंभीर व्हायचा. जो स्टॅन गावाला माहीत होता, मान मागे टाकून, डोळे पार मिटेपर्यंत हसणारा, तो एकाही फोटोत नाही.

मी ह्या गावात मोबाइलच्या टॉवरची देखभाल करायला आले आणि डल्सीच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहिले. त्याला बरीच वर्षं झाली. इथे मला सगळे ‘टॉवर’ म्हणतात. माझी उंची पाच फुटांच्या आत आहे, त्यामुळे हे नाव लोकांना विशेष आवडतं.

बिंडारूच्या शाळेत जेमतेम सोळा-सतरा मुलं. दर तीन वर्षांनी ती बसने गोल्ड कोस्टला जातात, समुद्र बघतात आणि तीन दिवस तिथल्या पाळणे-घसरगुंड्यांच्या मोठ्या पार्कमध्ये ओरडून ओरडून घसा बसवून परत येतात. सहल नेमकी गुरं गोळा करायच्या हंगामात येते. आईबापांना घोड्यावरून उतरायला फुरसत नसते, मग बरोबर कुठून जाणार? म्हणून गावाने एक पद्धत पाडली आहे. शिक्षिका बस चालवते आणि बरोबर जाणारं दुसरं मोठं माणूस फोटो काढतं. रोज संध्याकाळी ते फोटो गावात येतात, ट्रेव्हच्या पबमधल्या टीव्हीवर लागतात आणि धुळीने माखलेले आईबाप हातात बिअर घेऊन आपापली पोरं शोधतात.

यंदाच्या सभेत मिस पेटाने, म्हणजे शाळेच्या शिक्षिकेने, विचारलं, “दुसरं माणूस कोण?”

“मी जाते,” डल्सी म्हणाली.

मग मागच्या रांगेतून मर्लचा आवाज आला.

“मग पोरांच्या गळ्यात नावाच्या पाट्या अडकवा. नाहीतर फोटोत ओळखायची कशी?”

सभागृह हसून कोसळलं. डल्सीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. मी शेजारीच बसले होते म्हणून मला दिसलं.

बाहेर पडताना मर्लने तिला पायरीवर अडवलं. मर्लचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं, काठी घेऊन उभी होती.

“डल्स, थट्टा राहू दे. ह्यूईचा एक फोटो आण मला. हसतानाचा. जास्त नको, एकच.” मग थांबून म्हणाली, “डोक्यासकट.”

“आणते.”

“लग्नातही तू ‘काढते’ म्हणाली होतीस.”

ह्यूई म्हणजे मर्लचा नातू, नऊ वर्षांचा. हसतो थेट आजोबासारखा, तशीच मान मागे, तसेच डोळे गायब. पण वर्षापूर्वी बाटलीने दूध पाजताना एका वासराने त्याला धडक दिली आणि पुढचा दात तिरका तुटला. तेव्हापासून कॅमेरा दिसला की त्याचे ओठ टाका घातल्यासारखे मिटतात.

त्या संध्याकाळी डल्सी माझ्या खोलीच्या दारात आली. हातात नवा फोन, अजून प्लॅस्टिकमध्ये.

“टॉवर, शिकव मला.”

मला काय, आयतीच संधी. मी कागद घेतला, कॅमेऱ्याच्या काचेचं चित्र काढलं, प्रकाश कसा आत शिरतो, कुठे वळतो, कुठे पडतो ते सांगायला सुरुवात केली. ती थोडा वेळ ऐकत राहिली.

“पोरी, मी गाडी चालवायला शिकव म्हटलं. तू इंजिन उघडून बसलीस.”

मग आम्ही अंगणात गेलो आणि कोंबड्यांचे फोटो काढले. पहिल्या खेपेला सगळ्या कोंबड्यांना फक्त पाय आणि पोट. मी तिच्या हाताकडे बघत राहिले तेव्हा कळलं. ती बटण असं दाबायची की जणू दाराची घंटा वाजवतेय. त्या धक्क्याने फोनचं नाक खाली जायचं.

“कोपर बरगडीला टेकव,” मी म्हटलं. “श्वास सोड. बटणाला नुसता हात लाव, ते काही पळून जात नाही. आणि डोक्याच्या वर थोडं आभाळ ठेव. हॅट मावेल इतकं.”

दुसऱ्या खेपेला कोंबड्यांना तुरे आले. डल्सीने फोन छातीशी धरला आणि अंगणात एक गिरकी घेतली.

मी तिला तो लग्नाचा कॅमेरा कसा होता ते विचारलं. तिच्या कपाटातच होता. मी तो उलटसुलट करून पाहिला आणि मला एकदम हसू आलं.

“डल्सी आँटी, हे बघ. बघायची खिडकी वर आहे आणि फोटो काढणारी काच खाली. लांब उभं राहिलं तर दोघींना सारखंच दिसतं. पण फार जवळ गेलं की खिडकीला डोकं दिसतं आणि काचेला नुसती छाती. तुला डोकी दिसत होती ना?”

“दिसत होती म्हणजे? स्टॅनच्या नाकावरचा घामसुद्धा दिसत होता.”

“मग अर्धी चूक कॅमेऱ्याची. अर्धी तुझी, तू फार जवळ उभी होतीस.”

तिने कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला.

“जवळ उभी राहणारच,” ती म्हणाली. “भाऊ होता माझा.”

सहल निघाली. पहिल्या संध्याकाळी पब गच्च भरला. ट्रेव्ह चिप्सच्या ताटल्या फिरवत होता. मर्ल टीव्हीसमोरची खुर्ची अडवून बसली होती, काठी आडवी, कुणी पुढे जाऊ नये म्हणून. मी फोन टीव्हीला जोडला आणि पहिला फोटो आला.

सगळीकडे धुकं. धुक्यात हॅटी. रुंद काठाच्या, हनुवटीखाली दोरी बांधलेल्या शाळेच्या हॅटी, आणि प्रत्येक हॅटीखाली काळंकुट्ट भोक.

“गोल्ड कोस्टला बर्फ पडलाय का?” कुणीतरी विचारलं.

“ही माझी मेव्ह,” एक बाप म्हणाला. मग जवळ जाऊन, “की हा कचऱ्याचा डबा आहे?”

दुसरा फोटो तसाच. तिसरा तसाच. मग पर्सच्या आतला एक फोटो आला, रुमाल आणि पुदिन्याच्या गोळ्या, तो मात्र छान स्वच्छ होता. लोकांनी त्याला टाळ्या दिल्या.

मर्ल हसली नाही. “डोकी आहेत,” ती म्हणाली. “ह्या वेळी तोंडं नेली.”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन डल्सीला फोन लावला. पाठीमागे मुलांचा नुसता कल्ला.

“कसे आलेत?” तिने विचारलं.

“आँटी, काच पुसलीस का?”

“कुठली काच?”

“फोनची. मागची, छोटी. आज हाताला काय लागलं होतं तुझ्या?”

“अगं आई गं. सनस्क्रीन! दर तासाला सगळ्या पोरांना थापत होते.”

इतकंच होतं ते. अख्ख्या शाळेच्या नाकाला लावलेलं सनस्क्रीन त्या काचेवर बसलं होतं.

“सुती कापडाने पूस. आणि दुसरं म्हणजे हॅटी. सूर्य डोक्यावर, हॅटीचा काठ मोठा, तोंड पुरतं अंधारात. फोटोपुरत्या काढायला सांग.”

“काय?”

“हॅटी. काढायला सांग.”

“टॉवर, शाळेचा नियम काय आहे? टोपी नाही तर खेळ नाही. तो नियम इतकी वर्षं कोण पाळायला लावतंय? मी. पोराने मैदानावर टोपी काढली तर त्याला व्हरांड्यात कोण बसवतं? मी. आणि आता मीच उन्हात टोप्या काढा म्हणू? एका फोटोसाठी?”

“मग फोटो येणार नाहीत.”

डल्सी सावकाश म्हणाली, “सावलीत काढायची मुभा आहे. नियमात.”

मला व्हरांड्यातच उडी मारावीशी वाटली. कारण मी तिला पुढचं तेच सांगणार होते. भर उन्हात माणसाचे फोटो काढू नयेत. डोळे बारीक होतात, नाकाची सावली मिशीसारखी पडते. झाडाच्या, छपराच्या सावलीत, पण अगदी आत नाही, कडेला, जिथून उजेड समोरून तोंडावर येतो, तिथे उभं करायचं. हे मी इतक्या घाईने सांगितलं की तिने मला दोनदा परत सांगायला लावलं.

“आणि सगळे फोटो पाठवू नकोस, आँटी. डोळे मिटलेले, पाठमोरे, पर्सचे, ते तिथेच ठेव. लोकांना पन्नास दाखवले तर एकही लक्षात राहत नाही.”

“पर्सचा कुठला?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पार्कमध्ये काय झालं ते मिस पेटाने मला नंतर सांगितलं. रोलर कोस्टरच्या छपराखाली डल्सीने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि हुकूम सोडला, “टोप्या काढा.”

एकही हात हलला नाही.

“काढा म्हणते ना.”

मेव्हने हळूच विचारलं, “आँटी, ही परीक्षा आहे का?”

“परीक्षा नाही. फोटो आहे.”

“काढली की व्हरांड्यात बसवणार तू.”

“मेव्ह, इथे व्हरांडा कुठे आहे?”

मुलांनी आजूबाजूला नीट पाहून खात्री करून घेतली आणि मगच टोप्या उतरल्या.

त्या संध्याकाळी पबमध्ये आरडाओरडा झाला. चेहरे! एकेक चेहरा स्वच्छ. नाकावरच्या पुटकुळ्या दिसत होत्या, कानामागचा सनस्क्रीनचा पांढरा डाग दिसत होता. मेव्हच्या बापाने टीव्हीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ही माझी. डबा नाही.” लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. मुंडकीकापी हा शब्द त्या संध्याकाळी कुणी उच्चारला नाही.

ह्यूईही होता. ओळीत डावीकडून तिसरा. घसरगुंडीच्या पायथ्याशी. आइस्क्रीमच्या गाडीजवळ. प्रत्येक फोटोत डोकं शाबूत आणि ओठ घट्ट बंद, डिंकाने चिकटवल्यासारखे.

मर्लने ग्लास खाली ठेवला. “डल्सने तिचं काम केलं,” ती म्हणाली. “पोरगाच हसत नाही, तिने तरी काय करायचं?” आणि काठी उचलून घरी गेली. मला तिची थट्टा परवडली असती.

मी डल्सीला फोन केला. आता एकच दिवस उरला होता.

“मी त्याला म्हटलं, हस,” डल्सी सांगू लागली. “म्हटलं चीज म्हण. दात लपवून चीज कसं म्हणायचं ते त्यालाच ठाऊक, पण म्हणाला. वासराची नक्कल केली, तर रुसला. टॉवर, मर्लकडे रिकाम्या हाताने जायचं नाही मला. ह्या वेळी नाही.”

“हस म्हणूच नकोस. कुणालाही हस म्हटलं की हसू पळतं. आणि तू वरून काढतेस, तो खाली बघतो. त्याच्या उंचीला ये. खाली बस.”

“माझे गुडघे बघितलेस?”

“मग कठड्यावर बस. त्याला खेळू दे. फोन तयार ठेव आणि बटण दाबून धर, सोडू नकोस. मग तो एकामागून एक काढत राहतो. त्यातला एखादा लागतो.”

“मासे पकडण्यासारखंच म्हणायचं,” डल्सी म्हणाली. हे तिला पटलं. “गळ टाकून गप्प बसायचं.”

तिसऱ्या दिवशी दुपारी मी टॉवरवर होते. दोरीला लोंबकळत एक डबा उघडत होते आणि खिशात फोन वाजला. मिस पेटा.

“डल्सी पडली,” ती म्हणाली. माझ्या हातातला पाना खाली गेला. “मोडलं काही नाही, बरी आहे. पण उठता येत नव्हतं. आता हसतेय. संध्याकाळी कळेल.” आणि मागून एवढा गोंधळ आला की पुढचं ऐकूच आलं नाही.

बातमी माझ्याआधी पबमध्ये पोचली. मर्ल माझ्या आधी येऊन बसली होती, कोटाची बटणं उलटसुलट लावून.

“त्या बयेला फोटोचा नाद कुणी लावला?” ती माझ्यावर ओरडली. “ह्या वयात! गुडघे काय लाकडाचे आहेत तिचे?”

“फोटो तू मागितला होतास, मर्ल,” ट्रेव्ह गल्ल्यामागून म्हणाला.

“मी फोटो मागितला. तिला आडवी पडायला सांगितलं नव्हतं!”

तेवढ्यात फोटो आला. एकच. त्या दिवशी वारा होता, सिग्नल रडत होता आणि फोटो टीव्हीवर वरून खाली, पट्टीपट्टीने उतरू लागला. आधी नुसतं निळं आभाळ. खूप आभाळ. मग केस. ओले, उभे राहिलेले केस.

“टोपी नाही,” कुणीतरी कुजबुजलं.

कपाळ आलं. मग भुवया. मग तिथे डोळे असायला हवे होते, तर दोन रेघा होत्या. पार मिटलेल्या. नाक आलं. आणि मग तोंड, सताड उघडं, आणि त्यात तो तिरका तुटलेला दात, उन्हात चमकणारा.

मर्ल उठून उभी राहिली. काठी विसरून.

“स्टॅन,” ती म्हणाली. आणि मग स्वतःलाच दटावल्यासारखं, “ह्यूई. ह्यूई आहे तो.”

फोटो पूर्ण झाला. मध्यावर किंचित उजवीकडे ह्यूई, खाली वाकून खदखदून हसत. त्याच्या आजूबाजूला मेव्ह आणि बाकीची पोरं गोल करून, सगळी वाकलेली, सगळी हसणारी. आणि ह्यूईच्या डावीकडे पार्कमधला कोआला, म्हणजे त्या गुबगुबीत गालांच्या प्राण्याचा भलामोठा केसाळ मुखवटा चढवलेला पार्कचा माणूस, तोही वाकून बघत होता.

घडलं ते असं. होड्या वरून पाण्यात कोसळतात त्या राइडच्या तोंडाशी, छपराच्या सावलीत, डल्सी ठरल्याप्रमाणे कठड्यावर बसली. फोन तयार. समोर मुलं भिजत होती. ह्यूई जवळ आला तसं तिने बटण दाबून धरलं. तेवढ्यात होडी आदळली, पाण्याची भिंत उठली आणि डल्सी कठड्यावरून मागच्या मागे हिरवळीवर, पाय आभाळात. पुरात वाढलेली बाई ती. बुडताना सामान वर धरायचं हे हाडात भिनलेलं. स्वतः उताणी पडली, पण फोन हातभर वर, कोरडा. आणि बोट? बोट बटणावरच. तिला सोडू नकोस म्हणून सांगितलं होतं ना. सगळी पोरं धावत आली. कोआलाही धावला. डल्सीने खालून सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “बघता काय? टोप्या कुठे आहेत तुमच्या?”

ह्यूईचं हसू तिथे फुटलं.

पबमध्ये मर्लने डोळे पुसले, टीव्हीच्या अगदी जवळ गेली, फोटो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला आणि वळली.

“ह्या वेळी नुसती मुंडकीच आणली बयेने,” ती म्हणाली. “धडं कुठे गेली?”

छत उडायचं बाकी राहिलं.

सहल परत आल्यावर त्या रविवारी मी तो फोटो मोठा छापून, चौकट घालून मर्लकडे नेला. डल्सी चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक घेऊन आधीच आली होती, गुडघ्याला पट्टी बांधून. फोटो कुठे लावायचा ह्यावर नणंद-भावजयींची बरीच जुंपली. शेवटी मर्लने लग्नाच्या फोटोकडे काठी दाखवली.

“तिथे. त्याच्या वर. टॉवर, खुर्चीवर चढ.”

मी चढले. “अजून खाली,” मर्ल म्हणाली. “अजून. टेकव.”

वरची चौकट खालच्या चौकटीला टेकली. मी खुर्चीवरून उतरून मागे आले. काळ्या सुटाच्या मानेवर ह्यूईचं डोकं आलं होतं. सताड उघडं तोंड, मिटलेले डोळे, हातात सुरी, खिशाला फूल. स्टॅन ब्रॅनक स्वतःच्या लग्नात पोट धरून हसत होता.

आणि पांढऱ्या झग्यावर कोआला.

“हे काय?” मर्ल म्हणाली. “माझ्या लग्नात मी कोआला?”

डल्सीने मान तिरकी करून पाहिलं. “तेव्हा गाल तुझे असेच होते, मर्ल.”

मर्लने केकचा तुकडा तिच्या दिशेने उगारला, पण हसूच आवरेना. मग डल्सीलाही आवरेना. दोघी टेबलाला धरून उभ्या राहिल्या. हसता हसता मर्लने डल्सीच्या खिशातला फोन काढला, पदराच्या… म्हणजे आपल्या एप्रनच्या टोकाने त्याची मागची काच नीट पुसली आणि डल्सीच्या हातात दिला.

“काढ ह्याचा फोटो. दोन्ही चौकटी येऊ देत, मीही येऊ दे. ट्रेव्हच्या टीव्हीवर लागला पाहिजे.”

डल्सी मागे सरकू लागली. एक पाऊल, दोन पावलं, पार दारापर्यंत गेली.

“अगं लांब कुठे चाललीस?” मर्ल म्हणाली. “टॉवरने सांगितलंय मला त्या खिडकीचं आणि काचेचं. ये, जवळ ये. ह्या फोनला चालतं म्हणे.”